वनस्पतींची यादी आणि यादीबाहेरची माणसे

मुंबईच्या उपनगरांतल्या वनस्पतींची नोंद कोणी केली, कोणासाठी केली आणि ती करताना कोणाचे ज्ञान वापरले गेले, या प्रश्नांचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. झाडाझुडपांचा अभ्यास हा शास्त्रज्ञांचा विषय आणि त्यांचे रक्षण ही सुखवस्तू माणसांची हौस, अशी समजूत आपल्या चळवळीतही रूढ आहे. ही समजूत निर्माण होण्यास कारणे आहेत आणि त्यांतली काही रास्त आहेत. त्यांचा विचार पुढे येईलच. परंतु या समजुतीमुळे एक महत्त्वाचे क्षेत्र आपण न लढताच सोडून दिले आहे, असे माझे मत आहे.

मी उपनगरातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. घरातली पहिली पदवीधर. वनस्पतिशास्त्राच्या एका सहकाऱ्याबरोबर मी पावसाळ्यात वनस्पती-पाहणीचे वर्ग चालवते. राष्ट्रीय सेवा योजनेतले विद्यार्थी असतात, आसपासच्या वस्त्यांतली कॉलेज सुटलेली मुले-मुली असतात, क्वचित एखादी घरकाम करणारी बाईही येते. आरेच्या कडेला, मुलुंड-भांडुपच्या डोंगरउतारांवर, घाटकोपरच्या खाडीकाठी आम्ही फिरतो. दुर्मीळ होत चाललेल्या देशी वनस्पती ओळखायच्या, मोजायच्या, त्यांच्यावर काय संकट आहे ते टिपायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन त्या उरल्या आहेत का ते पाहायचे, एवढेच हे काम. यात इतिहासाच्या बाईंचे काय काम, असे मला विचारले जाते. माझे उत्तर असे की, वनस्पतींची यादी हा ऐतिहासिक दस्तऐवज आहे. सातबाराच्या उताऱ्याइतकाच तो मालकीचा कागद आहे. तो कसा वाचावा हे मुलांना शिकवणे, हे माझे काम.

या प्रदेशातल्या वनस्पतींविषयी छापलेला पहिला मोठा ग्रंथ १५६३ साली गोव्यात निघाला. गार्सिया द ओर्ता हा त्याचा कर्ता. पोर्तुगीज राजवटीत मुंबई बेट याच वैद्याकडे भाडेपट्ट्याने होते. ग्रंथ संवादरूप आहे. दोन विद्वान औषधी वनस्पतींवर बोलत बसतात आणि मध्येच एखादे फळ, पान वा फांदी आणून दाखवायची वेळ येते. ती कोण आणते? अंतोनिया नावाची दासी. मालक हाक मारतो, ती वस्तू घेऊन येते आणि संवाद पुढे सरकतो. तिला वनस्पती ओळखता येतात, हे त्या हाकेतच गृहीत आहे. परंतु संवादात तिला मत नाही. स्वतः ओर्ता ज्यू वंशाचा होता. त्याच्या मृत्यूनंतर धर्मसत्तेने १५८० साली त्याची हाडे उकरून जाळली. म्हणजे छळ काय असतो हे त्या घराला ठाऊक होते. तरी अंतोनिया दासीच राहिली. एका पायरीवरच्या माणसाला खालची पायरी दिसतेच असे नाही, हा आपल्यालाही परिचित असलेला अनुभव आहे.

याच्या उलट उदाहरण शंभर वर्षांनी केरळात सापडते. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा 'होर्तुस मलबारिकुस' हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध केला. त्यात ७४२ वनस्पतींची माहिती आहे. तिचा मोठा भाग इट्टी अच्युदन नावाच्या एळवा जातीच्या वैद्याने सांगितला. एळवा म्हणजे ज्यांनी सवर्णांपासून किती पावले दूर राहायचे हे ठरलेले होते, ज्यांच्यातून पुढे नारायण गुरू आले, तो समाज. पहिल्या खंडात अच्युदनचे निवेदन त्याच्या स्वतःच्या लिपीत छापले आहे: मी अमुक ठिकाणचा, पिढीजात वैद्य, माझ्या पोथीतून व अनुभवातून ही माहिती सांगितली. शेजारीच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी ब्राह्मणांचे निवेदन नागरी लिपीत आहे. ब्राह्मण आणि एळवा वैद्य एकाच ग्रंथात साक्षीदार म्हणून उभे आहेत! एकोणिसाव्या शतकात ब्लुम नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने एका वनस्पतिवंशाला अच्युदनच्या नावावरून 'अच्युदेमिया' हे नाव दिले. व्हान ऱ्हीड काही समतावादी नव्हता, तो व्यापारी सत्तेचा सेनापती होता. त्याला साक्ष खरी आहे हे युरोपला पटवायचे होते, म्हणून त्याने साक्षीदाराचे नाव छापले. हेतू काहीही असो, नाव छापता येते हे सतराव्या शतकात सिद्ध झाले. त्यानंतर ज्यांनी छापले नाही, त्यांना 'त्या काळी पद्धत नव्हती' ही सबब देता येणार नाही.

मुंबई इलाख्यात इंग्रजांनी हे काम हाती घेतले तेव्हा अच्युदनला जागा उरली नव्हती. १८३९ साली ग्रॅहॅम या टपालखात्यातील अधिकाऱ्याची मुंबई व परिसरातील वनस्पतींची यादी प्रसिद्ध झाली. छपाई पुरी होण्याआधीच तो वारला. १८६१ साली डाल्झेल आणि गिब्सन यांची 'बॉम्बे फ्लोरा' आली. गिब्सन कोण? दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा अधीक्षक आणि १८४७ पासून मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक. डाल्झेल कोण? त्याच्यामागून त्याच पदावर आलेला अधिकारी. ज्यांनी जंगलातल्या वनस्पतींची यादी केली त्यांनीच जंगलाला कुंपण घातले, ही गोष्ट योगायोगाची नाही. कोणते लाकूड जहाजाला, कोणते रुळाखालच्या स्लीपरला, कोणते कोळशाला हे कळल्याशिवाय जंगल 'राखीव' करता येत नाही. १८७८ चा जंगल कायदा त्यानंतर आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत त्याविरुद्ध एवढा असंतोष माजला की १८८५ ते १८८७ या काळात सरकारला वनचौकशी आयोग बसवावा लागला. आजची बोरिवली, मुलुंड, भांडुप ही सारी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या साष्टीची गावे, हे लक्षात ठेवावे.

१८८३ हे साल मी विद्यार्थ्यांना फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवते. त्या वर्षी जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. जंगलखात्याने डोंगर आणि गायराने ताब्यात घेतल्यामुळे काय झाले, हे त्यात जोतीराव सांगतात. ज्यांचे थोड्या जमिनीवर भागत नसे ते पूर्वी रानातली फळे खाऊन, पळस-मोहाची पाने-फुले आणि लाकूडफाटा विकून जगत. त्यांचा तो आधार गेला. जंगलाचा हा हिशेब तळातून मांडलेला आहे. आणि त्याच वर्षी, १५ सप्टेंबरला, मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत हिंदी माणसे दोनच, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन.

सखाराम अर्जुन यांच्याविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण हे नाव आपण विसरलो आहोत. ते सुतार समाजातले. ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची त्यांनी केलेली सूची १८७९ साली प्रसिद्ध झाली. आणि बालपणी झालेले लग्न नाकारून कोर्टात उभी राहणारी रखमाबाई ही त्यांची सावत्र मुलगी. त्यांच्याच घरात ती वाढली, शिकली आणि पुढे डॉक्टर झाली. ज्या घरात झाडपाल्याची शास्त्रीय यादी झाली त्याच घरात बाईच्या 'नाही'ला आधार मिळाला. सखाराम अर्जुन १८८५ साली वारले. जोतीरावांचा असूड आणि सखाराम अर्जुनांची सूची, या दोहोंची गाठ पडली असती तर आपल्याकडचे वनस्पतिशास्त्र वेगळ्या वाटेने गेले असते असे मला वाटते. ती पडली नाही. शास्त्र एका खोलीत राहिले, भूक दुसऱ्या.

पुढे कुक याचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात आला. फादर ब्लाटर या जेझुइट प्राध्यापकाने झेवियर कॉलेजात वनस्पतिसंग्रह उभा केला. तो आजही त्यांच्या नावाने चालतो. ही कामे मोठी आहेत, त्यांच्याशिवाय आज आम्हाला एक पाऊलही टाकता येणार नाही. परंतु नावांचे राजकारण पाहावे. डाल्झेलला जुन्नरकडे एक मांसल झुडूप मिळाले. लोक त्याला शिंदळ माकुडी म्हणत. शास्त्रात ते गव्हर्नर फ्रियर याच्या नावाने 'फ्रेरिया' झाले. आंबा घाटातल्या सोनघंटेला पुण्याच्या वनस्पतिसंग्रहाचे काम पाहणाऱ्या ना. भ. रानडे यांचे नाव मिळाले. ती त्यांनी शोधली होती, तेव्हा ते योग्यच झाले. पण रानड्यांना वाट दाखवणारा, ओझे वाहणारा, 'ही इथे उगवते' म्हणणारा कोणी असेलच ना? त्याच्या नावाची वनस्पती नाही.

सुकवलेल्या नमुन्याच्या कागदावर उजव्या कोपऱ्यात एक चिठ्ठी चिकटवतात. वनस्पतीचे नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव, क्रमांक. 'स्थानिक नाव' असाही एक रकाना असतो. ते नाव कोणी सांगितले याला रकाना नसतो. विद्यार्थ्यांना हे समजावताना मी त्यांना कान्हेरीला नेते. बोरिवलीच्या त्याच जंगलात शंभरावर बौद्ध लेणी आहेत आणि त्यांच्या भिंतींवर, पाण्याच्या टाक्यांवर दानलेख आहेत. कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी, सोनार, लोहार यांनी कोणी टाके दिले, कोणी वाट बांधून दिली, आणि दगडावर नाव, गाव, व्यवसाय कोरलेला. लोहाराचे नाव लोहार म्हणून, संकोच न करता. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगरात चिठ्ठी लिहिण्याची रीत अधिक प्रामाणिक होती, एवढेच मी म्हणते. आमच्या नोंदवहीत आम्ही एक रकाना वाढवला आहे, 'माहिती देणाऱ्याचे नाव व गाव'. सहकाऱ्याने आधी हरकत घेतली की शास्त्रीय नमुन्यात हे बसत नाही. मी म्हटले, न बसू दे, चिठ्ठी थोडी मोठी कापू.

आता उपनगरांकडे येतो. मुंबईसारख्या शहराच्या पोटात सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल कसे शिल्लक राहिले? ते काही कोणाच्या निसर्गप्रेमामुळे नव्हे. १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी हे तलाव शहराला पाणी देण्यासाठी बांधले गेले. त्यांचे पाणलोट राखायचे म्हणून भोवतालचे रान राहिले. पुढे ते राष्ट्रीय उद्यान झाले. हजाराहून अधिक जातींच्या वनस्पती तिथे आहेत. साग, खैर, ऐन, धावडा, काटेसावर, पांगारा, रात्री भुतासारखे पांढरे दिसणारे कहांडोळ, आणि उतारांवर करवी. आणि माणसेही आहेत: वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे. कडेकडेने वस्त्या आहेत. दुष्काळाने, बेकारीने, जातीच्या जाचाने गाव सोडून आलेल्यांच्या.

१९९५ साली बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने उद्यानातील अतिक्रमणांविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली. ७ मे १९९७ रोजी आदेश झाला आणि पुढच्या काही वर्षांत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. पात्रतेसाठी १ जानेवारी १९९५ च्या मतदारयादीत नाव हवे होते. म्हणजे इथेही यादीच! झाडांच्या यादीत जे आहे ते राखायचे, माणसांच्या यादीत जो नाही त्याला हलवायचे. जंगल वाचले पाहिजे याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण त्या काळात कडेच्या वस्त्यांत वाढलेल्या एका पिढीच्या मनात 'पर्यावरण' हा शब्द बुलडोझरच्या आवाजाबरोबर शिरला. आज आम्ही त्याच वस्त्यांत जाऊन 'चला, दुर्मीळ वनस्पती वाचवू' म्हणतो, तेव्हा लोक हसतात. त्या हसण्याला कारण आहे. हे कारण प्रशिक्षण देणाऱ्याने आधी ऐकून घेतले पाहिजे, पानांचे प्रकार नंतर शिकवावेत.

शासनही मोजणी करते. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने शहरांत दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हावी असे ठरवले. मुंबईच्या गेल्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे भरली. आकडा मोठा आहे. पण त्यात गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष अमेरिकेचा, सुबाभूळही तिकडचीच. आणि मोजायचे ते फक्त झाड. जून महिन्यात खडकावरच्या बोटभर मातीतून वर येणारे कंद, गवतातली आमरे, कुंपणावर चढणारी कळलावी, कंदिलासारख्या फुलांच्या वेली यांना या गणनेत स्थान नाही. उपनगरांत सर्वांत जास्त धोका त्यांनाच आहे. पावसाळा संपला की त्या जमिनीखाली जातात आणि जागा 'मोकळी' दिसते. मोकळ्या जागेवर काय होते हे मुंबईकराला सांगायला नको. इमारत नाही झाली तर वृक्षारोपण होते! गवताळ उतारावर ओळीने खड्डे खणतात, रोपे लावतात, फोटो निघतात. रोपे उन्हाळ्यात मरतात आणि खड्ड्यांबरोबर कंदही जातात. देशी वनस्पती वाचवायची तर कधी कधी झाड लावायचे नाही, हे पटवणे आमच्या वर्गातला सर्वांत अवघड धडा आहे.

यादीचे महत्त्व आरेच्या प्रकरणात उघडे पडले. आरे दुग्धवसाहत १९४९ सालची. तिथे झाडे आहेत, ओढे आहेत, सत्तावीस पाडे आहेत, बिबळ्या आहे. परंतु कागदावर जंगल नाही. मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडण्याविरुद्धच्या याचिका ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितली तोवर २,१४१ झाडे पडली होती. अडवायला गेलेल्या २९ जणांना अटक झाली. नंतर आरेतील सुमारे ८१२ एकर जमीन राखीव वन म्हणून देण्यात आली. या सगळ्या काळात 'हे जंगल आहे' हे सिद्ध करण्यासाठी नोंदी लागत होत्या, आणि पाड्यातल्या माणसाचे 'आम्ही इथे जन्मलो' हे म्हणणे नोंद ठरत नव्हते. ज्यांना कागद करता येतो त्यांनाच बोलता येते. म्हणून कागद करायला शिकले पाहिजे.

आम्ही काय शिकवतो ते थोडक्यात सांगते. आधी पान पाहायचे: समोरासमोर की एकाआड एक, कडा कापलेली की सलग, चुरगाळले तर वास कसला. मग सुतळीने चौकट आखायची. लहान वनस्पतींसाठी मीटरभराची, झाडांसाठी दहा मीटरची. चौकटीत काय किती, फूल आहे का, फळ आहे का, गुरांनी खाल्ले आहे का, जळल्याची खूण आहे का, राडारोडा किती दूर. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय पानही तोडता येत नाही, म्हणून तिथे फक्त पाहायचे आणि छायाचित्र घ्यायचे. ओळख पटली नाही तर 'ओळखता आले नाही' असे लिहायचे. नाव ठोकून द्यायचे नाही. परीक्षार्थी मुलांना हे फार जड जाते, कारण कोरी जागा सोडली तर गुण जातात असे त्यांना बारा वर्षे शिकवलेले असते.

ओळख शिकवायला पाड्यातल्या मावशी येतात. पहिल्या पावसाआधी शेवळे येतात. त्यांना खाज असते. ती मारायला सोबत काकडाची आंबट फळे घालावी लागतात. शेवळे उगवते त्याच दिवसांत काकड फळतो, हे ज्ञान कोणत्या प्रयोगशाळेतून आले? मग कोरल, कंटोली, कुर्डू, टाकळा, भारंगी, फोडशी. बोरिवली-मुलुंडच्या स्टेशनांबाहेर पावसाळ्यात या भाज्यांचे वाटे लावून बसलेल्या बायका आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्या बायका म्हणजे चालती यादी आहे. कोणत्या उतारावर शेवळे यंदा आले नाहीत, हे त्यांना आमच्या चौकटीच्या आधी कळते.

परंतु इथे एक सावधगिरी हवी. आदिवासींच्या 'रक्तात' निसर्ग असतो, असे कौतुकाने बोलणारे पुष्कळ भेटतात. मला हे कौतुक घातक वाटते. गुण रक्तात असतात, हाच तर जातिव्यवस्थेचा पाया आहे. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबईला आली. पाथरी, तांदुळजा, कुंजर या भाज्यांवर तिने घर जगवले होते. मुंबईच्या डोंगरावर तिला एकही पान ओळखू येईना. शेवळे, फोडशी, टाकळा हे सारे ती पाड्यातल्या बायकांकडून शिकली. बदल्यात त्यांना भाकरी थापून दिली. तिच्या मुलीने, म्हणजे माझ्या आईने, यातले निम्मे शिकले. मी शाळेत गेले आणि काहीच शिकले नाही. ज्ञान गरजेने येते, शिकवल्याने येते, आणि दोन पिढ्यांत जाते. जे जाते ते पुन्हा शिकताही येते. प्रशिक्षण शक्य आहे ते याच कारणाने. ते रक्तात असते तर वर्ग घेण्याची गरजच नव्हती.

दुसरा प्रश्न 'स्वयंसेवक' या शब्दाचा. अनेक संस्था स्वयंसेवकांकडून पाहण्या करून घेतात. रविवारी सकाळी दुर्बीण घेऊन येणारा माणूस आनंदाने येतो, त्याला सोमवारी पगार चालू असतो. आमच्या वर्गातली मुलगी रविवारी आली तर तिचा एका दिवसाचा रोज बुडतो. आपल्या लोकांना बिनपैशाच्या कामाचा मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासाचे नाव 'वेठ' आहे. महार वतनाच्या नावाखाली सरकारचे आणि गावाचे वाटेल ते काम वाटेल त्या वेळी करावे लागे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले. वतन कायद्याने जायला १९५८ हे साल यावे लागले. ज्यांच्या आज्याने सरपण फोडले, सांगावे पोहोचवले आणि मोबदल्यात शिळे तुकडे मागितले, त्यांच्या नातवाला 'सेवा म्हणून ये' असे सांगताना जीभ जड झाली पाहिजे. आम्ही पाहणीच्या दिवसाचे प्रवासभाडे, जेवण आणि थोडे मानधन देतो. मावशींना शिक्षक म्हणून देतो, विद्यार्थ्यांपेक्षा जास्त देतो. पैसे कधी वर्गणीतून, कधी मित्रांकडून. दोन पावसाळ्यांत पैसे नव्हते तेव्हा वर्ग लहान केला, फुकट केला नाही. यावर आमच्याच काही कार्यकर्त्यांनी टीका केली की यामुळे निष्ठा राहत नाही. मला ती टीका मान्य नाही. फुकट राबण्याला निष्ठा म्हणण्याची सवय आपल्याला कोणी लावली, याचा त्यांनी विचार करावा.

तिसरा प्रश्न, यादी झाली की ती कोणाची? २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती असावी आणि लोकांच्या सहभागाने 'लोकजैवविविधता नोंदवही' तयार व्हावी असे म्हटले. कल्पना चांगली आहे. वर्षानुवर्षे कोणी हलले नाही. मग २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि देशभर नोंदवह्यांचा पूर आला. जे काम गावाने बसून, भांडून, आठवून करायचे ते अनेक ठिकाणी कंत्राटावर झाले. याउलट गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने अभ्यासगट करून आधी स्वतःचे जंगल समजून घेतले आणि २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळवला. त्यांच्याकडे कागद आधी होता, हक्क मागून आला. शहरात हे तसेच्या तसे होणार नाही. इथे वस्तीचे वय कमी, माणसे दहा जिल्ह्यांची, जमीन कोणाची ते कोर्टात. पण अभ्यासगट होऊ शकतो. तो व्हायला कोणाची परवानगी लागत नाही.

पाड्यातल्या एका मावशींनी मला एक गोष्ट शिकवली. एका ओढ्याकाठी त्यांनी आम्हाला एक कंद दाखवला. औषधाला मागणी असल्यामुळे तो बाकी सगळीकडून उपटला गेला होता. विद्यार्थ्याने मोबाईलवर जागेचे अक्षांश-रेखांश घेतले. मावशी म्हणाल्या, "बाई, नाव लिवा, माझं बी लिवा. जागा नका लिवू." आमच्या सगळ्या नमुन्यांत जागेचा रकाना पहिला होता. शास्त्राला जागा हवी असते, चोरालाही जागाच हवी असते. त्यानंतर आम्ही दोन वह्या केल्या. एकीत सर्व काही, ती पाड्यातच राहते. दुसरीत फक्त परिसराचे नाव, ती महाविद्यालयात असते. कोणाला पहिली वही पाहायची असेल तर त्याने पाड्यात जाऊन, बसून, विचारून पाहावी. एका संशोधकाने याला अशास्त्रीय म्हटले. गिब्सनच्या काळापासून माहितीचा प्रवास एकाच दिशेने झाला आहे. एखादी वही मागे राहिली तर शास्त्र बुडणार नाही.

सध्या आमचे लक्ष करवीवर आहे. ती दुर्मीळ नाही, पण तिची वाट पाहावी लागते. बोरिवली-येऊरच्या डोंगरात ती आठ वर्षांनी एकदा फुलते: २००८, २०१६, २०२४. फुलून, बी टाकून मरते आणि पुन्हा पहिल्यापासून उगवते. तिच्या काठ्यांच्या कुडावर शेणमाती लिंपून पाड्यांतल्या झोपड्यांच्या भिंती होत आल्या. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या मुलांनी परवानगी असलेल्या वाटांवरून करवीचे सतरा पट्टे नोंदवले. प्रत्येक पट्ट्यापुढे कोणी दाखवला, कोणी मोजला, ही दोन नावे आहेत. पुढचा फुलोरा २०३२ साली. तोवर दर पावसाळ्यात त्या सतरा ठिकाणी जायचे, किती रोपे उरली ते मोजायचे आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना वही सोपवायची, असे ठरले आहे. पहिल्या वर्षाची मोजणी झाली. दोन पट्ट्यांवर राडारोडा पडला होता. तो कोणी टाकला याची चौकशी मुले करीत आहेत.